शनिवार-रविवारची गोळी

१० फेब्रुवारी १९८३

ही डायरी पिंपळगावच्या द्राक्षाच्या शेडमध्ये मिळाली. खतवाल्याने शेठला दिली, शेठने मला. पहिल्या चाळीस पानांवर शेठच्या नातवाने वाघ काढलेत, किंवा मांजरं. त्यामुळे माझं वर्ष फेब्रुवारीत सुरू.

मी चंदर. शिक्षण नववी, तीही अर्धी. मग सुरत, भुसावळ, एकदा थेट जबलपूर, आणि मधे एका सर्कशीचा तंबू ठोकायला होतो. सध्या शौकतच्या टेंपोवर क्लीनर. पिंपळगावला द्राक्षं भरायची, नाशिकच्या द्वारका चौकातून पुढे निघायचं, इगतपुरीला चहा, घाट उतरून मुंबई. मुक्काम ताईच्या खोलीवर, द्वारकेच्या मागे, यशोदामावशीच्या चाळीत.

ताई, म्हणजे माझी मोठी बहीण कौसल्या, नर्स आहे. नर्स होऊन भागलं नाही म्हणून वरचा कोर्स करतेय. बाकी सगळे पेपर सुटले, औषधांचा राहिला. तो चौदा मार्चला. या वेळी राहिला तर कोर्समधून नाव जाणार. म्हणून मी घरी असलो की मला समोर बसवते. औषधांच्या खोक्यांचे पुठ्ठे कापून तिने कार्डं केलीत. एका बाजूला औषधाचं नाव, दुसऱ्या बाजूला त्याचा गट, काम आणि धोका. मी नाव वाचायचं, तिने पाठचं म्हणायचं.

घरमालकीण यशोदामावशीची तब्येत बरी नाही. पाय सुजतात, चार पायऱ्या चढली की धापा टाकते. ताई म्हणते, हृदय थकलंय, गोळ्यांवर चाललंय. एक हृदयाची, एक लघवीची. हृदयाची फक्त सोमवार ते शुक्रवार. शनिवार-रविवार सुट्टी, कारण ते औषध अंगात साठतं.

"सरकारी हापिसाला बी एवढी सुट्टी नसती," मावशी म्हणाली.

१४ फेब्रुवारी

आज मी कार्डं माझ्या पद्धतीने लावली. पिंपळगावला कांदा निवडतात तशी. मोठा, मधला, गोल्टी. पांढऱ्या गोळ्या इकडे, पिवळ्या तिकडे, कॅप्सूल पलीकडे. ताईने बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"रंगावर जाऊ नको रे. शंभर कंपन्या, शंभर नावं, शंभर रंग. गट एकच. गट ओळखला की औषध पकडलं."

मग हृदयाचा गट घेतला. डिजिटॅलिस. हे मुळात एका फुलझाडाच्या पानातून निघालं म्हणे. मी विचारलं, कसलं फूल? आपल्याकडे येतं का? रंग काय? ताई म्हणाली, "चंदर, फूल राहू दे. धोका विचार." मी विचारला. ती घडाघडा बोलली. मला फक्त एवढं आठवतं, की लघवीच्या गोळीने अंगातलं पोटॅशियम जातं, आणि ते गेलं की डिजिटॅलिस अंगावर उलटतं. आणि गोळी द्यायच्या आधी नाडी मोजायची. साठच्या खाली असेल तर गोळी द्यायचीच नाही.

मावशीची नाडी ताई रोज सकाळी अशीच मोजते. मला वाटायचं, माया करते.

१९ फेब्रुवारी

इगतपुरीला चहाच्या टपरीवर विठाबाई आली. मावशीची मुलगी. नवरा सावळीराम, इथेच रेल्वेत. टेंपोवर नाशिकचं नाव बघून आली असेल म्हटलं, तर नाही, मावशीनेच निरोप धाडला होता की चंदर तिथे थांबतो.

शेंगदाण्याच्या लाडवांचा डबा दिला. तळाशी कागदाची पुडी. "आईला दे. ताकदीच्या गोळ्या हायेत. माझ्या सासूला यांनीच उभं केलं. पण पुंजाला कळू देऊ नको."

पुंजाराम मावशीचा मुलगा. सायकलचं दुकान आहे, तोंड कायम पाना लावून आवळल्यासारखं. बाप गेला त्या दिवशी चार माणसांत तो सावळीरामला म्हणाला होता, माझ्या आईवर लेकीच्या घरचं घ्यायची वेळ मी येऊ देणार नाही. तेव्हापासून विठाबाईकडचा पेरूसुद्धा या घरात येत नाही. मावशीलाही ते पटतं, म्हणजे तोंडाने पटतं.

घरी आल्यावर मी मावशीला डबा दिला तर तिने आधी दार लोटलं. मग माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवला. "घे शपथ. पुंजाला नाय, तुझ्या ताईला बी नाय. ती बोलून जाईल. विठी लेक असली तरी तिच्या घरचं खाल्लं म्हणून लोक पुंजाला बोलतील."

घेतली शपथ. लाडू शौकतच्या बायकोने पाठवले असं सांगायचं ठरलं. त्यातले चार मी खाल्ले. गूळ कमी आहे.

२६ फेब्रुवारी

ताई हॉस्टेलला गेली, परीक्षा होईपर्यंत. तिथे नसीम म्हणून मैत्रीण आहे, तिचाही हाच पेपर. इथे सतरा भांडणं आणि रेडिओ, अभ्यास होत नाही. जाताना तिने जुनं घड्याळ माझ्या हातात बांधलं.

"रोज सकाळी मावशीची नाडी. पूर्ण एक मिनिट, चंदर. अर्धा मिनिट मोजून दुप्पट नाही. साठच्या खाली गेली तर गोळी नाही आणि मला निरोप."

"आणि मी मुंबईत असलो तर?"

"तर झुंबरबाईला सांगून ठेव, तू येईपर्यंत मावशीला गोळी द्यायची नाही. पण नाडी तूच बघायची. ती मोजताना रेडिओ ऐकते."

झुंबरबाई शेजारीण. चाळीतला सगळ्यात मोठा रेडिओ तिचाच.

१ मार्च

नाडी मोजणं हे काम माझं नाही. मनगट धरलं की मावशी बोलायला लागते.

"मावशी, बोलू नका."

"नाय बोलत. एक, दोन, मोज. तो शौकत जेवतो का रे वेळेवर? बारीक दिसतो."

गेला आकडा. पुन्हा एक पासून. मग खाली दूधवाला सायकल पाडतो, मी खिडकीत. परवा सत्तर वाटले, काल बहात्तर. आज मोजायला घेतलं तेवढ्यात शौकतने हॉर्न दिला. बहात्तर धरलं. हॉस्टेलवर डबा द्यायला गेलो आणि ताईला बहात्तर सांगितलं की ती मान हलवते आणि पुढचं विचारते.

मावशी म्हणाली, विठीच्या गोळ्या चांगल्या. "आधी शनिवार-रविवारी घ्यायचे. हृदय काय शनिवार-रविवार थांबतं होय? सुट्टी कशाची? आता रोज दुपारी बी एक घेते. ताकद येऊ दे की."

पण ताकद आलेली दिसत नाही. भाकरी अर्धी टाकते. म्हणते, वास येतो.

५ मार्च

विठाबाईने दुसरी पुडी दिली. मी विचारलं, जीवनसत्त्वं का? ताईच्या कार्डांत त्यांचा मोठा गट आहे. ती हसली. "मला काय ठाऊक बाबा? सासूचं उरलं तेच देते. सासू गेली दिवाळीत." मी म्हटलं, मग उभं केलं कसं? तर म्हणाली, "तीन वर्षं चालती-फिरती होती, ते काय कमी?" शौकत खूप हसला. "तीन साल मे तो मेरा टेंपो भी बैठ गया."

घरी आलो तर मावशीने उलटी केलेली. आणि नवीनच काहीतरी. म्हणते, भिंत पिवळी दिसते. भात पिवळा दिसतो. दिव्याभोवती कडं दिसतं, लग्नातल्या मांडवासारखं. पुंजारामने डोळे ओढून बघितले आणि म्हणाला, "कावीळ."

झुंबरबाईने लगेच पेठ रस्त्याचा एक माणूस सांगितला, नाकात पाल्याचा रस सोडतो, तीन फेऱ्यांत कावीळ उतरते. पुंजाराम मला म्हणाला, "चंदर, शौकतला विचार, गुरुवारी टेंपो मिळेल का." मी हो म्हटलं. मलाही तो माणूस बघायचाय. रस कशाचा असेल?

८ मार्च

ताईला हॉस्टेलवर डबा द्यायला गेलो. नसीम ताईचं पाठांतर घेत होती. भिंतीवर गटांची नावं, खाटेवर गटांची नावं, तव्याखालीसुद्धा एक कार्ड. नसीम म्हणाली, "चंदरभाऊ, तुझी ताई झोपेत पण गट बोलते. काल म्हणाली, पेनिसिलिन, पदर नीट घे."

ताई हसली नाही. डोळ्यांखाली काळं झालंय. "मावशीची नाडी?"

"बहात्तर."

"रोज बहात्तरच?"

"कधी सत्तर."

ती माझ्याकडे जरा जास्त वेळ बघत राहिली. मी म्हणणार होतो की मावशीला कावीळ झालीय, पण नसीमने पुढचं कार्ड वाचलं. "डिजिटॅलिस, धोका." आणि ताई भिंतीकडे बघत बोलायला लागली. अन्नावरची वासना जाते, मळमळ, उलटी, नाडी मंद, ठोका चुकणं. मग थांबली. "अजून एक आहे. अजून एक आहे ना?" नसीम म्हणाली, "डोळ्यांचं." ताई म्हणाली, "हां. पिवळं दिसतं. दिव्याभोवती कडं."

तेवढ्यात खाली फाटकाशी हॉर्न वाजला, शौकत. मी निघालो. जिन्यात वाटलं काहीतरी विसरलो, डबा का? रिकामा डबा हातातच होता. टेंपोत बसलो, द्वारकेला गाडी अडकली, एक हमाल डोक्यावर पलंग घेऊन मधूनच चालला होता, त्याच्याकडे बघत होतो. आणि पिंपळगाव यायच्या आधी मला एकदम मावशीची पिवळी भिंत आठवली.

मी शौकतला म्हटलं, "गाडी वळव."

"माल?"

"वळव म्हणतो ना!"

वळवली. शिव्या देत वळवली.

८ मार्च, पुन्हा

मावशी पडून होती. मनगट धरलं. ती या वेळी बोलली नाही, तेच वाईट वाटलं. झुंबरबाईला म्हटलं रेडिओ बंद कर, पुंजारामला म्हटलं खिडकी लाव. घड्याळाच्या काट्यावर डोळे रोवले. चव्वेचाळीस. वाटलं चुकलो. परत मोजले. त्रेचाळीस, आणि मधे एक ठोका आलाच नाही, मी वाट बघत राहिलो.

सायकल काढून हॉस्टेलला. ताई तशीच निघाली, पायात नसीमच्या चपला. मावशीला तपासलं, पुंजारामला डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर गावाला गेलेले, कंपाउंडर म्हणाला हृदयाची गोळी बंद करा, सोमवारी आणा. पेठ रस्त्याचं रद्द.

मग ताईने मला बाहेर बोलावलं. "चंदर, आठवड्याला पाच गोळ्यांनी हे एवढं होत नाही. ती दुसरं काही घेते का? कोणी काही दिलंय का?"

दार उघडं होतं. मावशी पडल्या पडल्या माझ्याकडे बघत होती. हात डोक्यावर ठेवून.

मी म्हटलं, "नाही. लाडू खाते."

ताकदीच्या गोळ्यांचं सांगून काय होणार होतं? ताकदीच्याच तर आहेत.

११ मार्च

गोळी बंद होऊन तीन दिवस झाले. उतार नाही. आज सकाळी चाळीस. मोठ्या दवाखान्यात न्यायचं म्हटलं तर मावशी नको म्हणते, सोमवारी डॉक्टर येतीलच. ताई रोज दोनदा येऊन जाते, पुस्तक पिशवीत, पिशवी उघडत नाही. तिला म्हटलं, तू अभ्यास कर. म्हणाली, "हाच तर अभ्यास आहे." पण रडकुंडीला आलेली. सोमवारी पेपर आहे. नसीम म्हणते, ताईने पेपर सोडला तर परत तिला कोण घेणार?

पुंजाराम दुकान उघडत नाही. पायरीवर बसून एकच नट घट्ट करतो, सैल करतो.

मी मावशीला हळूच विचारलं, विठाबाईच्या गोळ्या घेताय का अजून? म्हणाली, "इकडची बंद झाली ना? मग तिकडच्या दोन घेते. कशावर तरी चाललं पायजे."

मी म्हटलं, नका घेऊ.

"का? तू डॉक्टर झाला का?"

नववीपर्यंत शिकवलेलं काही कामाला आलं नाही. पुडी मागितली तर तिने उशीखाली सरकवली आणि त्यावर डोकं ठेवलं.

१२ मार्च, इगतपुरी स्टेशन

शौकतबरोबर निघालो ते एकाच कामासाठी. विठाबाईच्या क्वार्टरवर गेलो. म्हटलं, गोळ्यांची बाटली दाखवा. ती म्हणाली, "पुडीत दिल्या की." मी म्हटलं, "बाटली." माझा आवाज चढला असेल, कारण सावळीराम जेवणावरून उठून आला. त्यानेच फळीवरून काढून दिली.

इंग्रजी मला अक्षर-अक्षर लावून वाचता येतं, टेंपोच्या पाठी लिहिलेलं वाचून शिकलो. वर मोठ्या अक्षरांत कंपनीने ठेवलेलं नाव, अगदी वेगळं, कधी न ऐकलेलं. त्याच्याखाली बारीक अक्षरांत दुसरं. डी. आय. जी. पुढचं वाचायची गरजच पडली नाही. ते नाव कार्डावर मी किती वेळा वाचलं असेल. फुलझाडाचं. शंभर नावं, गट एकच.

सावळीराम म्हणाला, "काय झालं?" विठाबाई दाराला धरून उभी होती. मी म्हटलं, मावशीला दोन्हीकडून एकच औषध चाललंय. ती म्हणाली, "पण मी तर ताकदीचं..." आणि खाली बसली.

शौकतला सांगितलं, तू जा मुंबईला. तो म्हणाला, "अकेला? क्लीनर के बगैर?" मग माझं तोंड बघितलं आणि खिशातले सगळे सुटे पैसे माझ्या हातावर ठेवले. "जा. माल सडने दे, बुढ़ी को मत सडने दे."

नाशिकची गाडी पहाटे आहे. बाटली खिशात आहे. हात सारखा तिच्यावर जातो. पेन्सिल बोथट झालीय. शपथ मावशीच्या डोक्यावर घेतली होती. मोडली तर तिलाच लागते म्हणतात. मी हे मानत नाही. मानत नाही हे दोनदा खोडून पुन्हा लिहिलं.

१३ मार्च

पुंजारामच्या समोरच बोललो. त्याला बाजूला घ्यायचं सुचलं नाही. ताईच्या हातात बाटली दिली आणि म्हटलं, विठाबाईकडून मी आणल्या. दोन पुड्या. मावशी रोज घेते, शनिवार-रविवारीसुद्धा. आता दोन-दोन.

ताईने बाटली वाचली. उशीखालून पुडी काढली, मावशीने हात धरला तो सोडवला, आणि पुंजारामला म्हणाली, "रिक्षा. आत्ता."

पुंजाराम जागचा हलला नाही. आईकडे बघत म्हणाला, "विठीकडून घेतल्यास?"

मावशीने डोळे मिटले.

"माझ्यापास्नं लपवून?"

"पुंजाभाऊ!" ताई ओरडली. मी तिला असं ओरडताना ऐकलेलं नाही. "भांडण ती जगली तर करा. रिक्षा!"

तेव्हा तो पळाला. रिक्षा आणेपर्यंत त्याला धीर निघाला नाही, आईला उचलून गल्लीच्या तोंडापर्यंत स्वतःच घेऊन गेला. तिचे पाय लोंबत होते, सुजलेले.

हॉस्पिटलात कागदाची पट्टी काढली, तिच्यावर हृदय रेघांनी लिहितं. डॉक्टरांनी ताईला विचारलं काय काय दिलं गेलं. तिने बाटली आणि पुडी पुढे ठेवली आणि सरळ सांगितलं. रक्त तपासलं, पोटॅशियम उतरलेलं होतं. सलाईनमधून थेंबाथेंबाने सोडलं. वाट बघायची म्हणाले.

बाहेर बाकावर मी ताईला ते दुसरंही सांगितलं. बहात्तरचं. की मोजलेच नव्हते, बरेचदा.

ती समोरच्या भिंतीकडे बघत होती. म्हणाली, "मला त्या दिवशीच वाटलं होतं. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर मला घरी यावं लागलं असतं." मग तोंड पदरात घातलं. मी तिच्याकडे न बघता घड्याळ काढून तिच्या मांडीवर ठेवलं.

१४ मार्च

सकाळी मावशीची नाडी बावन्न. ताई तिथूनच पेपरला गेली, चुरगळलेल्या साडीत. नसीमने जिन्यात तिची वेणी घातली.

संध्याकाळी आली तेव्हा विचारलं, काय आलं? म्हणाली, "झोपेचा गट, दम्याचा गट, जंतांचा गट. हृदयाचा प्रश्नच नव्हता." आणि हसायला लागली, थांबेना. नर्सने येऊन आम्हाला गप्प केलं.

विठाबाई दुपारी आली होती. दारातच उभी राहिली, आत येईना. पुंजाराम बाकावरून उठला. मला वाटलं आता होतंय भांडण. तो म्हणाला, "उभी का? बस. सावळीराम आलाय का?" मग दोघं एका बाकावर बसली, मधे एक माणूस मावेल एवढी जागा सोडून. तो म्हणाला, "आई माझ्या भीतीनं चोरून खायची." विठाबाई म्हणाली, "विष मी दिलं." त्याने उठून तिच्यासाठी चहा आणला.

२७ मार्च

मावशी घरी आली. भिंत पांढरी दिसते म्हणाली, आणि पुंजारामला म्हणाली, चुना मारायला झालाय.

माझ्याशी बोलत नाही. मी पाणी नेलं तर झुंबरबाईच्या हाताने घेते. झुंबरबाई मला म्हणाली, "शपथ मोडली म्हणून राग हाय. मेली असती तर राग आला नसता, असं म्हणते." मी म्हटलं, तिला सांगा, सर्कशीतसुद्धा मला इतकं कोणी झिडकारलं नव्हतं.

शौकत म्हणतो मे महिन्यात माल संपला की इंदूरला जाऊ, एक ट्रक बघितलाय. जायला हवं. मी एका जागी इतके दिवस कधी राहिलो नाही.

५ एप्रिल

डॉक्टरांनी हृदयाची गोळी पुन्हा सुरू केली, अर्धी, तीही आठवड्यातून पाच दिवस. ताईचा निकाल अजून नाही. परवा ड्यूटीवर निघताना ती घड्याळ माझ्यापुढे धरून उभी राहिली.

मी म्हटलं, "दुसऱ्या कोणाला सांग. पुंजाभाऊला सांग."

"तूच."

"माझ्याकडून होत नाही हे बघितलंस ना?"

"बघितलं. म्हणूनच तू." आणि घड्याळ माझ्या मनगटावर बांधून गेली, एक भोक घट्ट.

मावशी मनगट देते. तोंड भिंतीकडे. एक अक्षर बोलत नाही, त्यामुळे मोजायला सोपं जातं, आणि सोपं जातं याचंच वाईट वाटतं. काल सहासष्ट. आज चौसष्ट. खाली दूधवाला पडला तरी मी उठलो नाही.

९ एप्रिल

शौकतला इंदूरचं नंतर कळवतो म्हटलं. तो म्हणाला, "तू और नंतर? तू तो हमेशा अभी वाला आदमी है."

सकाळी मावशीकडे डोकावलो तर ती खाटेवर उठून बसलेली. मला बघितलं, तोंड भिंतीकडे केलं आणि हात पुढे धरला.

मी म्हटलं, "मावशी, आज शनिवार. आज गोळी नाही."

हात तसाच.

"सुट्टी आहे आज. उद्यापण."

"गोळीचं कोण म्हणतंय?" ती भिंतीला म्हणाली. "मोज."